काड्यांच्या सांगाड्यावर कागदाचे कातडे

पतंगी कागद म्हणजे काय, हे नागपूरकराला समजावून सांगण्याची गरज नाही. संक्रांतीच्या आधी पंधरा दिवस जुन्या शुक्रवारीकडे एक फेरफटका मारला की निळे, जांभळे, हिरवे, लाल ताव दुकानांसमोर लटकलेले दिसतात. काही घरांतून म्हाताऱ्या बाया नगावर पतंग चिकटवीत बसलेल्या असतात. कागद ढिला राहिला की पतंग गोता खातो आणि काडीला खळ जास्त लागली की तो जड होतो, एवढे तर सात-आठ वर्षांच्या पोरालाही कळते. परंतु याच पोराला म्हटले की असल्याच कागदाने विमान मढवता येते आणि ते उडतेही, तर तो हसतो. "ते मोठ्या लोकाच्या पोरायचं काम आहे जी," असे एकाने आम्हाला तोंडावर सांगितले. त्याचे हे म्हणणे खोटे ठरवावे म्हणूनच हा लेख लिहायला घेतला आहे.

प्रथम हे विमान म्हणजे काय ते सांगतो. दुकानात मिळणारे प्लॅस्टिकचे खेळणे ते हे नव्हे. बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाच्या काड्या आणि पातळ फळ्या कापून आधी विमानाचा सांगाडा करायचा. पंखाची पुढची कड, मागची कड, मधला दांडा आणि त्यांना जोडणाऱ्या फासळ्या. धडालाही तशाच चार उभ्या काड्या आणि मध्ये आडव्या. नाकाशी पंखा, पोटात रबराची पट्टी. पंखा उलटा फिरवून रबराला पीळ द्यायचा आणि सोडायचे. हा सांगाडा पातळ कागदाने मढवायचा, कागद ताणून घ्यायचा आणि त्यावर पारदर्शक लेप द्यायचा. इंग्रजीत या कागदाला टिश्यू म्हणतात आणि लेपाला डोप. खेळाडूंच्या डोपशी या डोपचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या वर्गातल्या एका पालकाने तशी शंका काढली होती.

हा वर्ग आम्ही उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीतील अभ्यासिकेच्या मागच्या खोलीत उन्हाळ्याच्या सुटीत भरवला. अकरा मुले होती, त्यांत चार मुली. आम्ही दिवसभर कचेरीत फायली चाळणारी माणसे. परंतु तरुणपणी एका जाणत्या शिक्षकाकडून ही विद्या थोडीबहुत हाताखालून गेलेली. सामानाची एक पेटी बाहेरगावाहून मागवली, तिच्यातली पुस्तिका इंग्रजीत. सांगाडा जुळवण्याचे काम मुलांनी हौसेने आठ दिवसांत उरकले. गाडी अडली ती मढवण्यापाशी, आणि सगळ्यांची तेथेच अडते. पुस्तिकेत या कामाला अर्धे पान दिले होते. आम्ही त्याला पूर्ण पंधरा दिवस दिले.

त्याचे कारण असे की, कागद हा विमानाला शोभेसाठी लावलेला अंगरखा आहे असा समज असतो, आणि तो मुळातच चुकीचा आहे. मुलांना आम्ही नुसता सांगाडा हातात देऊन सांगितले, दोन्ही टोके धरून हलकेच पिळून बघा. ओल्या फडक्यासारखा तो पंख पिळला गेला. हवेत असे झाले तर एक बाजू वर, एक खाली, आणि विमान भिरभिरत जमिनीवर. मग तोच पंख मढवून, ताणून, लेप देऊन पुन्हा हातात दिला. आता तो पिळता येईना. एक मुलगा म्हणाला, "काड्या तर त्याच आहेत ना जी?" काड्या त्याच. बाज विणण्याआधी तिचा सांगाडा कसा डुगडुगतो, आणि नवार चारी बाजूंनी ताणून भरली की तीच बाज पाच माणसांना धरते. येथेही तेच आहे. दोन फासळ्यांमधला कागदाचा प्रत्येक चौकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताणलेला असतो, तो चौकोनाला तिरपा होऊ देत नाही. चौरस मीटरला बारा-तेरा ग्रॅम भरणारी ही वस्तू लाकडाला बळ देते. पोरांना हे एकदा हाताने कळले की मग ती कागदाला हलके लेखत नाहीत.

मोठ्या विमानांचाही इतिहास असाच आहे. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो या तरुणाने १८७१ साली पॅरिसच्या एका बागेत रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान लोकांसमोर अकरा सेकंद उडवून दाखवले. त्याच पेनोच्या धर्तीवरचे, बुचाचे लाकूड, बांबू आणि कागद यांचे एक उडते खेळणे १८७८ साली अमेरिकेत एका बापाने आपल्या दोन मुलांसाठी घरी आणले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्विल राइट. पुढे १९०३ साली त्यांनी जे विमान उडवले त्याचे पंख लाकडी होते आणि त्यावर साधे मलमलीसारखे सुती कापड चढवलेले होते. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे नाव घ्यावे लागेल. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांच्या देखरेखीखाली 'पुष्पक' हे दोन आसनांचे विमान तयार झाले आणि २८ सप्टेंबर १९५८ रोजी प्रथम उडाले. देशातल्या फ्लाईंग क्लबांतून कित्येक वैमानिक या पुष्पकावर शिकले. त्याच्याही सांगाड्यावर कापड ताणून त्याला लेप दिलेला असे. तेव्हा आमच्या अभ्यासिकेतली पोरे जे करीत होती तो पोरखेळ नव्हता. विमानविद्येची ती पहिली पायरी आहे आणि तिला फार पैसा लागत नाही.

फार लागत नाही म्हटले खरे, पण बाल्सा महाग पडतो हे कबूल केले पाहिजे. हे झाड दक्षिण अमेरिकेतले, जगाला त्याचा पुरवठा मुख्यतः इक्वेडोर हा देश करतो. झाड पाच-सात वर्षांत तोडायला येते, एवढे झपाट्याने वाढते, म्हणून लाकूड पोकळ पेशींचे आणि हलके. आपल्या आलापल्लीच्या सागवानाचा एक घनमीटर साधारण साडेसहाशे किलो भरेल. चांगला बाल्सा दीडशेच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या 'मॉस्किटो' विमानाच्या अंगात प्लायवूडच्या दोन थरांमध्ये हाच बाल्सा भरलेला होता. अलीकडे २०२० च्या सुमारास पवनचक्क्यांच्या पात्यांच्या गाभ्यासाठी त्याची मागणी एकाएकी वाढली आणि भाव चढले. त्यावर आम्ही तोड काढली ती बांबूची. फासळ्या तेवढ्या बाल्साच्या, आणि पंखाच्या कडा, शेपटीचे गोलवे, चाकांचे पाय हे बांबूच्या बारीक तासलेल्या काड्यांचे. मेणबत्तीच्या धगीवर बांबू हलकेच फिरवून वाकवला की तो तसाच राहतो. पतंगाची कमान करणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही.

नववीतल्या एका मुलीची आजी वर्षानुवर्षे पतंग चिकटवते. मढवण्याच्या पहिल्या दिवशी बाकीची पोरे कागदाला हात लावायला भीत होती आणि या मुलीने ताव उजेडात धरला, एका कोपऱ्याला चिमटीत धरून थोडा फाडला, दुसऱ्या बाजूनेही फाडला, आणि म्हणाली, "हा असा उभा लावायचा." पुस्तिकेतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तिला घरूनच माहीत होता. कागदालाही लाकडासारखे पोत असते. पोताच्या दिशेने तो सरळ रेषेत फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा जातो. ओला होऊन वाळताना तो पोताच्या आडव्या दिशेने जास्त आखडतो. म्हणून पंखावर पोत लांबीच्या दिशेने, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ठेवायचे. उलटे ठेवले की दोन फासळ्यांमध्ये कागद खोल बसतो आणि पंख उपाशी बैलाच्या बरगड्यांसारखा दिसतो. दिसण्याचे सोडा, हवेला पंखाचा जो फुगीर आकार लागतो तोच नाहीसा होतो.

मढवण्याआधी सांगाडा पॉलिश पेपरने घासून घ्यावा लागतो. ३२० नंबरचा चालतो. गोंदाचा एखादा थेंब सांध्यावर वाळून राहिला असेल तर तो नंतर कागदातून गांधीलमाशी चावल्यासारखा वर येतो आणि मग काही करता येत नाही. आमच्या वर्गात या घासण्याचा मुलांना फार कंटाळा आला. दोघे निघून गेले, त्यांतला एक परत आला. घासल्यावर कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, आणि जेथे जेथे कागद टेकणार त्या काडीवर पातळ लेपाचा एक हात देऊन, वाळवून, पुन्हा हलके घासायचे. हे एवढे केले तर पुढचे काम निम्मे सोपे होते.

चिकटवायला पुस्तकातून निरनिराळे उपाय सांगितलेले असतात. आम्ही पांढरा फेव्हिकॉल आणि पाणी समसमान घेतले. आजीबाईंची मैद्याची खळही करून पाहिली. ती उत्तम धरते, घसरायला थोडा वेळ देते म्हणून सुरकुती काढता येते. पंखाची खालची बाजू आधी, वरची नंतर, म्हणजे वरच्या कागदाची कड खालच्यावर येते. कागद सर्व बाजूंनी बोटभर मोठा कापायचा. प्रथम मधोमध आणि टोकाशी चिकटवून लांबीचा ताण घ्यायचा, मग पुढची कड, शेवटी मागची. कागद ओढायचा तो बोटांच्या पेरांनी, नखाने नाही. आमच्याकडे हातात बळ असलेली मोठी मुले होती, त्यांनी एवढे ओढले की वाळल्यावर कडाच आत वाकल्या. सुरकुत्या निघण्यापुरतेच ओढायचे, तबल्यासारखे ताठ करायचे नाही. ते काम पाण्यासाठी ठेवायचे. वर उचललेल्या टोकांचा पंख असेल तर प्रत्येक भाग वेगळा मढवायचा, कारण एकच ताव दोन उतारांवर कधीच नीट बसत नाही. उरलेली कड दाढीच्या नव्या पात्याने कापावी. पात्यावर वाचवलेला पैसा फाटलेल्या कागदावर जातो.

आता पाणी. इस्त्रीवाला वापरतो तसली फवाऱ्याची बाटली घ्यायची आणि हातभर अंतरावरून नुसते धुके सोडायचे. कागद आधी लोळागोळा होतो. ही वेळ मुलांच्या परीक्षेची असते, कारण सगळी मेहनत वाया गेली असे वाटते. एक मुलगा तर रडायच्या बेतात आला, "फुगलं ना जी सगळं!" म्हणून. त्याला म्हटले, हात मागे बांधून दहा मिनिटे बस. मे महिन्यातली नागपूरची हवा. दहा मिनिटांत कागद आखडत आखडत ताठ झाला, सुरकुत्या मावळल्या, आणि त्याने टिचकी मारली तर दिमडीसारखा बारीक आवाज आला. त्या मुलाचा चेहरा त्या क्षणी कसा झाला होता ते आमच्या अजून लक्षात आहे.

मात्र वाळताना पंख मोकळा ठेवू नये. थर्मोकोलच्या सपाट फळीवर टाचण्या लावून तो दाबून ठेवायचा, खाली आगपेटीच्या काड्या देऊन म्हणजे हवा खेळते. नाहीतर कागद एका बाजूने जास्त ओढतो आणि पंखाला पीळ बसतो. बसलाच तर चहाच्या केटलीच्या वाफेवर धरून उलट्या दिशेने वळवायचा आणि गार होईपर्यंत हातात धरून बसायचे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पतंगी कागदाचा रंग पाण्याने सुटतो आणि काही कागद तर पाण्यात पार विरघळल्यासारखे होतात. विलायती टिश्यू ओला झाला तरी धरून राहतो, आपला पतंगी कागद तसा नाही. म्हणून तुकड्यावर आधी फवारून पाहावे आणि मगच पंखाकडे वळावे. आमच्याकडे निळा कागद सगळ्यांत आधी संपला, हे सांगायला नकोच. त्यातल्या दोन पंखांवरचा निळा रंग धडावर उतरला.

लेपाचे प्रकरण अधिक जपून हाताळण्याचे आहे. खरा डोप नायट्रोसेल्युलोजचा असतो, तो थिनरमध्ये निम्मेनिम पातळ करून मऊ ब्रशने दोन किंवा तीन हात द्यायचे. तो कागदाची छिद्रे बुजवतो आणि वाळताना आणखी आखडतो. हे आखडणे महिनोन्‌महिने चालू राहते आणि कागद ठिसूळ होतो, म्हणून त्यात एरंडेलाचे काही थेंब टाकण्याची जुनी रीत आहे. घरातल्या एरंडेलाचा असा उपयोग होईल हे कोणाच्या आजीने कधी मनात आणले नसेल! डोप मिळाला नाही तर फर्निचरवाले वापरतात ते एन. सी. क्लिअर लॅकर चालते. ते फारसे आखडत नाही, तेव्हा ताण सगळा पाण्यावरच घेऊन ठेवावा लागतो.

या लेपाचा नागपूरच्या हवेशी फार जवळचा संबंध आहे, आणि परदेशी पुस्तिकेत ते सापडणार नाही. पावसाळ्यात लेप दिला की कागदावर पांढरे ढग उठतात. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि लेप फाटतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये हे काम करूच नये. उन्हाळ्यात हवा कोरडी, तेव्हा अडचण नाही असे वाटेल. पण उन्हाळ्यात आपल्या घरोघरी कूलर चालतो! कूलरची खोली म्हणजे पावसाळाच. आमच्या खोलीतही एक जुना कूलर घरघरत होता आणि पहिल्या पंखावर पांढरे चट्टे आले, ताणलेला कागदही सैल पडला. कूलर बंद केला तर पोरे घामाने निथळू लागली. दुपारी पारा पंचेचाळिसाकडे गेला की लेप ब्रशवरच वाळतो, त्याचे ओरखडे उठतात. शेवटी सकाळी सहा ते आठ ही वेळ ठरवली, बाहेर ओट्यावर, लिंबाच्या सावलीत. सहा वाजता अकरापैकी नऊ मुले हजर असत. शाळेला इतक्या वेळेवर कधी गेली नसतील.

ओट्यावर बसण्याचे दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडच्या विमान कारखान्यांत पंखांना डोप लावण्याचे काम पुष्कळ ठिकाणी स्त्रिया करीत. त्या वेळच्या डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन नावाचे विषारी द्रव्य होते. बंद शेडमध्ये त्याच्या वाफा घेऊन कामगारांना कावीळ झाली आणि काही जणी मरण पावल्या, तेव्हा कोठे ते द्रव्य बदलले गेले. आजच्या लेपात ते नाही, तरी थिनरची वाफ डोक्यात चढतेच आणि ती पेटही घेते. तेव्हा बंद खोलीत, चुलीजवळ, अगरबत्ती लावलेल्या जागी हे काम करू नये, आणि डबा मुलांच्या स्वाधीन करून मोठ्यांनी निघून जाऊ नये. थिनर हुंगण्याचे व्यसन लागलेली पोरे आपण स्टेशनच्या आसपास पाहतोच. आम्ही डबा कुलपात ठेवत होतो आणि वाटीत घेऊन लागेल तेवढाच देत होतो.

वजनाचा हिशेब आम्ही मुलांकडूनच करवून घेतला, कारण वाणिज्य शाखेच्या माणसाला हिशेबाशिवाय चैन पडत नाही. साठ सेंटीमीटर लांब आणि दहा सेंटीमीटर रुंद पंख; दोन्ही बाजू धरून बाराशे चौरस सेंटीमीटर कागद. हलका टिश्यू वापरला तर दीड ग्रॅम, जाड कागद घेतला तर अडीचच्या जवळ. एक ग्रॅमने काय होते, असे मुले म्हणाली. मग शेपटीचा हिशेब मांडला. विमान ज्या बिंदूवर तोलले जाते तेथून शेपटी नाकाच्या जवळजवळ तिप्पट दूर असते. शेपटीवर लेपाचा एक ग्रॅम जास्त गेला की तोल राखायला नाकात तीन ग्रॅम माती भरावी लागते. चाळीस ग्रॅमच्या विमानाला फुकटचे चार ग्रॅम! म्हणून शेपटीला एकच हात, तोही पातळ. तीन मुलांना ऑइल पेंटने रंगवायचे होते, तो बेत या हिशेबानंतर त्यांनी आपणहून सोडला. रंग हवा तर रंगीत कागद लावावा आणि अक्षरे दुसऱ्या रंगाच्या कागदातून कापून लेपानेच चिकटवावीत. त्यांचे वजन नाहीच म्हटले तरी चालेल.

पालकांना दोन शब्द सांगणे भाग आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तयार 'प्रोजेक्ट' विकत आणून देण्याची पद्धत फार बोकाळली आहे. मुलाच्या नावाची चिठ्ठी तेवढी त्याची, बाकी सगळे दुकानदाराचे. असल्या विमानाला बक्षीस मिळतेही, पण ते उडत नाही आणि पोराला त्यातले काही सांगता येत नाही. आमच्या वर्गात एका वडिलांनी हौसेने रात्री बसून मुलाचा पंख स्वतः मढवून पाठवला, फार सफाईने. तो मुलगा दुसऱ्या दिवशी गप्प बसून होता. आम्ही त्याला दुसरा ताव दिला. त्याचा पंख सुरकुतलेला झाला, एका कोपऱ्याला ठिगळ, आणि तो मुलगा ते ठिगळ सगळ्यांना दाखवीत फिरला.

हे शहर तसे विमानांचे शहर आहे. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास या चारही दिशांची टपाल-विमाने मध्यरात्री नागपुरात भेटत आणि पिशव्यांची अदलाबदल करून परत फिरत. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय येथेच आहे. एन. सी. सी.चे २ महाराष्ट्र एअर स्क्वॉड्रनही येथे आहे, आणि एअर विंगच्या छात्रांना एअरोमॉडेलिंग हा विषय शिकवला जातो. परंतु त्या दारापर्यंत जाईपर्यंत आपल्या वस्तीतल्या पोराने बाल्साची काडीही हातात धरलेली नसते. शेजारी बसलेल्या मुलाच्या घरी मात्र तीन विमाने टांगलेली असतात. एका मुलाचे वडील सोनेगावच्या विमानतळावर सामान चढवण्याचे काम करतात. रोज विमानाच्या पोटाला त्यांचे हात लागतात. मुलगा म्हणाला, "बाबाले विचारलं, आत काय असते, तर त्यायले माहीत नाही." आता मुलाला माहीत आहे की आत फासळ्या असतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, आम्ही ही विमाने उडवली. पहाटे वारा पडलेला असतो तेव्हाच जायचे. आधी रबर न पिळता नुसते गवतावर हाताने सोडून तोल बघायचा. नाक खाली जात असेल तर थोडी माती काढायची, वर जाऊन गचका खात असेल तर घालायची. मग पंखा शंभर वेळा, दोनशे वेळा फिरवायचा. अकरापैकी एका मुलाने वर्ग सोडला होता, उरलेल्या दहांतली सहा विमाने नीट उडाली. दोन झाडात गेली. एकाचे रबर तुटून आतून कागद फाटला. आजीबाईंच्या नातीचे विमान सगळ्यांत हलके, एकोणचाळीस ग्रॅमचे. ते मैदानाच्या पलीकडच्या कुंपणापर्यंत गेले आणि काट्यात पडून पंखाला बोटभर भोक पडले. ती रडली नाही. तिने काठ सरळ कापला, त्याच पोताचा तुकडा लावला आणि कडांवरून लेपाचा ब्रश फिरवला. दुरुस्ती करताना एवढेच पाहावे लागते की ठिगळाला पाणी मारू नये, लेपावरच ताणून घ्यावे.

राहता राहिला विमाने ठेवण्याचा प्रश्न. ट्रंकेत किंवा कपाटावर ठेवली तर पंख पिळतात. दोऱ्याने छताला टांगणे चांगले, पण पत्र्याच्या छताखाली उन्हाळ्यात नको. ज्यांनी खळ वापरली त्यांची विमाने झुरळे पावसाळ्यात कुरतडतात. यावर आमच्या कचेरीतल्या जुन्या बाइंडरचा उपाय आहे. तो रजिस्टरे बांधताना खळीत चिमूटभर मोरचूद घालतो, तशी घालावी. मोरचूद विषारी आहे, तेव्हा ती खळ वेगळ्या भांड्यात करावी आणि ते भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.